चित्र अखंड आहे

सोलापूरच्या भवानी पेठेत मला 'टीव्हीवाले काका' म्हणतात. मी आयुष्यात एकही टीव्ही दुरुस्त केलेला नाही. पण खालच्या सुताच्या दुकानदारापासून समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांची तशी पक्की समजूत आहे, आणि ती मोडण्याचा नाद मी केव्हाच सोडला. सेट-टॉप बॉक्स येतात, रिमोट येतात, एकदा मिक्सर आला होता. मी तो उघडला, कार्बन ब्रश बदलला आणि परत दिला. कुणीतरी हातात काहीतरी घेऊन माझा जिना चढून आलं, एवढंच मला पुरतं.

माझं खरं काम असं. कॅमेरा जे बघतो ते पडद्यापर्यंत न्यायचं. चित्र म्हणजे लाखो ठिपके, आणि ते सेकंदाला साठ वेळा नव्यानं मांडायचे. एवढे ठिपके एका केबलमधून पाठवायचे तर त्यांना एकामागे एक असं रांगेत उभं करावं लागतं. ही रांग लावणारी एक चिप कॅमेऱ्याच्या बाजूला असते, आणि रांग मोडून पुन्हा चित्र मांडणारी दुसरी पडद्याच्या बाजूला. या दोन चिपांभोवतीचं सर्किट आखायचं, बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा ओढायच्या. या रेषा जोडीजोडीनं धावतात. जोडीतल्या दोघींची लांबी सारखी ठेवावी लागते, नाहीतर एक आधी पोचते, दुसरी मागून, आणि पलीकडच्या चिपेचा ठेका चुकतो. ठेका चुकला की पडदा काळा. ठेका सापडला की चित्र परत. म्हणून आखूड रेषेला मुद्दाम नागमोडी वळणं देऊन लांब करतात. आमची कामवाली एकदा कागदावरचं ते आरेखन बघून म्हणाली, "काका, रांगोळीचं पुस्तक काढताय व्हय?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

पुण्यात एका कंपनीत हे काम मी बावीस वर्षं केलं. तिथं एक नियम होता. ज्यानं बोर्ड आखला त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. बोर्ड छापायला जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी तो रेष न् रेष बघायचा. माझे बोर्ड शिंदे मॅडम बघायच्या. लाल पेन घेऊन बसायच्या आणि गोल काढायच्या. "हे असं का?" एवढंच विचारायच्या. उत्तर देता देता आपलं आपल्यालाच कळायचं की चूक आहे. मी त्यांच्यावर चिडायचो, दोन दोन दिवस बोलायचो नाही. आज कुणी माझ्या कागदावर एक लाल गोल काढला तर त्याला मी श्रीखंड-पुरी खाऊ घालीन.

कंपनीनं आमचा विभाग बंद केला तेव्हा मी आणि शैला, माझी बायको, सोलापूरला परत आलो. कामं बाहेरगावची यायची, कुरियरनं यायची, कुरियरनं जायची. माझा बोर्ड कुठल्या यंत्रात बसला, कुणी त्यावर काय बघितलं, हे मला कधी कळायचं नाही. घरात आम्ही दोघं कानडी बोलायचो. शैला सहा वर्षांपूर्वी गेली आणि घरातली कानडी बंद पडली. मराठी बाजारात बोलता येते, इंग्रजी फोनवर. कानडी बोलायला माणूस लागतं, ते उरलं नाही. मूलबाळ नाही. बोर्ड तपासायलाही कुणी नाही. मग मी एक युक्ती काढली. आरेखन झालं की दोन दिवस तोंड फिरवून बसायचं आणि तिसऱ्या दिवशी परक्याचं समजून बघायचं. स्वतःला परकं समजणं वाटतं तितकं सोपं नाही.

आता एक फजितीची गोष्ट सांगतो, जी तेव्हा मला फजिती वाटली नव्हती. उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावातून दत्तूबा नावाचे केळीवाले बागाईतदार माझा पत्ता शोधत आले. धरणाच्या पाण्यावर मोटर, मोटरीच्या चोऱ्या होतात म्हणून तिच्यावर कॅमेरा.

"साहेब, एरवी समदं झ्याक दिसतंय," ते म्हणाले, "पण मोटर चालू झाली की चित्र नाचाय लागतंय. लई माणसं झाली बघून. कुणाला काय घावंना."

खरं म्हणजे हे माझं काम नव्हे. साधा जुना कॅमेरा, त्याचा माझ्या चिपांशी काही संबंध नाही. पण शैला जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी गेलो. दोष मला पाच मिनिटांत सापडला. कॅमेरा मोटरीच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टानं आवळला होता आणि केबलचं दुसरं टोक घरात अर्थिंगला. दोन ठिकाणची जमीन विजेच्या भाषेत सारख्या पातळीवर नसते. मोटर चालू झाली की दोन्ही जमिनींमधला फरक केबलमधूनच वाहायचा. मी कॅमेऱ्याखाली रबराचा तुकडा घातला, एका बाजूची अर्थ, म्हणजे जमिनीशी असलेली जोडणी, तोडली, आणि चित्र नाचायचं थांबलं. दत्तूबांनी मला केळीचे दोन घड दिले. येताना एस.टी.त मी ते मांडीवर घेऊन बसलो होतो आणि फार खूश होतो. अर्थ एकाच बाजूला द्यावी, हा माझ्या तरुणपणच्या लाऊडस्पीकर-ॲम्प्लिफायरच्या दिवसांतला धडा. तो अजून खरा आहे म्हणून खूश होतो.

साध्या चित्राला तो खराच आहे. आमच्या वेगवान चित्राला तो लागू नाही. तिथं केबलवरचं जाळीचं कवच दोन्ही टोकांना पक्कं जोडावं लागतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुण्यात मी स्वतः ते नव्या लोकांना शिकवलं होतं.

गेल्या वर्षी पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्याचे मालक, मल्लेशम शेठ, माझ्याकडे आले. टर्किश टॉवेल धुऊन, वाळून लांबच लांब पट्ट्यात रुळांवरून जातात. तिथं एक बाई बसते. तेलाचा डाग, तुटलेला धागा, सुटलेला काठ दिसला की पायानं पेडल दाबते आणि कापड थांबतं. शेठना तिथं कॅमेरा हवा होता, म्हणजे कापडाच्या दोन्ही बाजू मोठ्या करून एका पडद्यावर दिसतील. एक यंत्रणा आधी, नीट चालली तर पुढं आणखी. माझं आरेखन त्यांनी टेबलावर पसरून बघितलं. "जोडधागा दिसतो हा," म्हणाले. "आमच्यात पण जोडीतला एक ढिला राहिला की काठ वाकडा जातो." इतक्या वर्षांत माझा बोर्ड पहिल्या नजरेत ओळखणारा हा पहिला माणूस होता.

पहिल्यांदाच माझं काम मला चालत जाऊन बघता येणार होतं. मी नवा शर्ट शिवून घेतला, यावरून काय ते समजा. जानेवारीत यंत्रणा बसली. मी रोज काहीतरी निमित्त काढून जायचो. तिथं चहा मिळायचा, दोन माणसं बोलायची. पडद्यासमोर स्टुलावर नरसम्मा बसायची. पन्नाशीची असेल. पद्मशाली विणकरांच्या घरातली, बोलताना तेलुगू वळणाची मराठी. नवऱ्याचा माग बंद पडल्यापासून घर तिच्या पगारावर होतं. अठरा वर्षं तिनं कापड नुसत्या डोळ्यांनी तपासलं होतं. पडदा आल्यावर ती घाबरली नाही. "बरं झालं, मान दुखायची," म्हणाली.

तीन आठवड्यांनी तिनं मला हाक मारली. "साहेब, चित्र जातंय."

"जातंय म्हणजे?"

"पापणी लवती ना, तसं. काळं होतंय, परत येतंय. तेवढ्यात हातभर कापड पुढं जातंय."

मी स्कोप आणला. स्कोप म्हणजे केबलमधला सिग्नल रेषेसारखा दाखवणारं यंत्र. त्याची चिमटी बोर्डाच्या अर्थला लावायची आणि टोक सिग्नलला. दोन दिवस मी पडद्यामागं जमिनीवर फतकल मारून स्कोपकडं बघत होतो. सिग्नल आरशासारखा स्वच्छ. एकदाही तुटला नाही.

"आता जातंय का?" मी दर तासाला विचारायचो.

"न्हाय साहेब. तुमी असला की जात न्हाय."

याचा मला राग आला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, जे घडत होतं ते ती सांगत होती. मी सामान आवरून गेलो, आणि दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा तोच निरोप. मी पुन्हा गेलो, पुन्हा चिमटी लावली, पुन्हा सगळं ठीक.

महाशिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून टॉवेलचा अख्खा गठ्ठा परत आला. तेलाचे डाग तसेच पुढं गेले होते. शेठनी मला आणि नरसम्माला ऑफिसात बोलावलं.

"ही म्हणते चित्र जातं. तुम्ही म्हणता जात नाही," शेठ म्हणाले. "बाप दाखव नाहीतर श्राद्ध घाल. खरं काय?"

नरसम्मा माझ्याकडं बघत होती. मला त्या वेळी एवढंच म्हणायचं होतं की माझ्या मोजमापात सापडत नाही, पण बाई खोटं बोलणारी वाटत नाही, अजून आठ दिवस द्या. हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. पण पुढच्या यंत्रणा होत्या. आणि त्याहून खरं सांगायचं तर, या गावात पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या खऱ्या कामानं ओळखत होतं. ते मला घालवायचं नव्हतं. मी कागद मागितला आणि लिहून दिलं, 'तपासणी केली. यंत्रणेत दोष नाही. चित्र अखंड आहे.' खाली सही केली.

"मग हिचा डोळा लागत असणार," शेठ म्हणाले. "वयच झालं."

"मी झोपत न्हाय," नरसम्मा म्हणाली. एवढंच. दुसऱ्या दिवशी स्टुलावर दुसरी बाई होती.

मे महिन्यात दुसरी यंत्रणा बसवायची ठरली. त्याआधी पहिलीची मापं घ्यावीत म्हणून मी स्कोप उचलून गेलो. तिथं पोचल्यावर पिशवी उघडली तर चिमटीच्या वायरी घरीच राहिलेल्या. उन्हाचा पारा असा की परत जाऊन येण्याची हिंमत नव्हती. नवी बाई जेवायला उठली होती, कापड हळू चालू होतं. मी तिच्या स्टुलावर बसलो. करायला काही नव्हतं म्हणून पडद्याकडं बघत बसलो.

चित्र गेलं. पापणी लवावी तेवढं. परत आलं.

मला वाटलं, आपलाच डोळा लवला. मी डोळे ताणून बघू लागलो. ती बाई जेवून येईपर्यंत ते चार वेळा गेलं.

मग सगळं उलगडायला वेळ लागला नाही. आमच्याकडं पावसाळा सरला की हवा कोरडी ठणठणीत. टॉवेलच्या काठाला पॉलिस्टरचा धागा, खाली रबराचे रूळ. घासून घासून कापडावर वीज साठते, अंगातून बनियन काढताना चटचट होते तीच. ती लोखंडावर उडी मारते आणि केबलच्या कवचात शिरते. कवच दोन्ही टोकांना जोडलेलं असतं तर ती निमूट जमिनीत गेली असती. पडद्याच्या बाजूला मी ते जोडलंच नव्हतं, म्हणून ती सिग्नलमध्ये घुसायची आणि चिपेचा ठेका चुकायचा. बोर्डावर जोडणीची जागा ठेवली होती आणि ती रिकामी सोडली होती. उजनीचा रबराचा तुकडा डोक्यात बसला होता ना! 'अर्थ एकाच बाजूला.' अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. आणि मी स्कोपची चिमटी लावायचो तेव्हा स्कोपच्या तीन पिनांच्या प्लगमधून नेमकी तीच तुटलेली अर्थ जोडली जायची. मी दोष शोधायला बसायचो आणि बसल्या क्षणी तो माझ्याच हातानं झाकायचो. सामान गुंडाळलं की तो परत नरसम्माच्या वाट्याला.

मी दोन दिवस सिग्नल बघितला होता. चित्र बघायला त्या स्टुलावर एकदाही बसलो नव्हतो.

नवी बाई हात पुसत आली. मी तिला विचारलं, "चित्र जातं, तुला दिसत नाही का?"

"दिसतंय की," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणारीचं काय झालं ते बघितलं न्हवं का?"

मी एक वायरीचा तुकडा घेऊन कवच अर्थला बांधलं. संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. पडदा एकदाही लवला नाही. मग शेठकडं जाऊन सगळं सांगितलं, माझी चूक आहे असं स्पष्ट सांगितलं. शेठ वाईट माणूस नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सापडलं ना? नीट करा. तिचं आता कशाला उकरायचं? यायची असेल तर येऊ दे, सांगा तिला." पुढच्या यंत्रणांचं काम त्यांनी माझ्याकडंच ठेवलं. मला शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं असं त्या दिवशी वाटलं, आणि अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं घर विचारत गेलो. लहान गल्ली, दोन्ही बाजूंना उंबऱ्यांवर बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसलेल्या. नरसम्माही तशीच बसली होती. सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. तिच्या डोळ्यांवर चष्मा होता. कारखान्यात मी तो कधी बघितला नव्हता.

तिनं मला बसायला पाट दिला. मी तिला सगळं सांगितलं. चिमटी, कवच, अर्थ, सगळं. तिला त्यातलं किती कळलं मला ठाऊक नाही. ती कात्रीनं पान कापत ऐकत होती.

"म्हंजे चित्र जात होतं," ती म्हणाली.

"हो. जात होतं. तू म्हणत होतीस तसंच."

"शेठला सांगितलं?"

"सांगितलं. ते म्हणतात, कामावर ये."

तिनं कात्री सुपात ठेवली. म्हणाली, "तवा तुमी लिहून दिलं होतं. आता बी लिहून द्या."

माझ्या खिशात कागद होता. मी लिहिलं, 'यंत्रणेत दोष होता. चित्र मध्ये मध्ये जात होतं. नरसम्मा यांनी जे सांगितलं ते खरं होतं. चूक माझी होती.' सही केली आणि कागद पुढं केला. तिनं हात पुढं केला नाही.

"मला मराठी वाचाय येत न्हाय. वाचा तुमी. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. शेजारच्या उंबऱ्यावरच्या बायकांचे हात थांबले. आतल्या खोलीत तिचा नवरा खाटेवर होता, तो उठून बसल्याचा आवाज आला.

"अजून एकदा," ती म्हणाली. "त्यास्नी ऐकू कमी येतंय."

मी उभा राहून पुन्हा वाचलं, गल्लीच्या टोकाला जाईल इतक्या मोठ्यानं. शैला गेल्यानंतर मी एवढ्या मोठ्यानं काही बोललो नव्हतो. आतून नवऱ्यानं तेलुगूत काहीतरी विचारलं. तिनं दोन शब्दांत उत्तर दिलं. तो परत आडवा झाला.

"घरातले बी म्हणायचे, लागला असंल डोळा," ती कापलेलं पान हातावर घेत म्हणाली. "मग मला बी तसंच वाटाय लागलं. तुमी शिकलेलं माणूस. येवढं यंत्र लावून बघितलं, तुमाला दिसलं न्हाय. मग मलाच कसं दिसतंय? डोळ्याच्या डॉक्टरकडं गेले. ते म्हणाले, बाई, डोळे चांगले हायत. मला खरं वाटंना. मीच हट्ट केला, चष्मा द्याच म्हटलं. त्यांनी साध्या काचेचा दिला."

क्षमा मागावी तर कोणत्या शब्दांत मागावी ते सुचेना. कामावर येणार का, हे विचारायची लाज वाटली, आणि ती पुढंही कधी आली नाही.

तिनं चष्मा काढला. पदरानं तोंड पुसलं. चष्म्याची घडी करून तो माझ्या हातातल्या कागदावर ठेवला आणि सुपातल्या तंबाखूची चिमूट घेऊन पुढची विडी वळायला लागली.